भरदुपारचा पुकारा

"पाच वाजता कुलूप लागते इथी. मंग रातचं कोनीच नसते."

खिडकीबाहेर एक बाई दुसरीला हे सांगत होती आणि तिच्या आवाजात मोठं समाधान होतं. मी टाइप करता करता थांबले. आमच्या कचेरीत चोरून नेण्याजोगं काय आहे, याचा मनातल्या मनात आढावा घेतला. मागे पडणारं एक घड्याळ, साहेबांची खुर्ची, जिच्या एका पायाखाली वीट होती, आणि माझा टाइपरायटर. खिडकीतून वाकून बघावं एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मी टाइपरायटरवर खोळ घातली आणि बसून राहिले.

थोड्या वेळाने त्या दोघी दारात आल्या. एक म्हातारी होती. दुसरी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कपाळ रिकामं, हात रिकामे, लुगड्याचा रंग धुऊन धुऊन गेलेला. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "बाई, लगनाचं लायसन इथीच भेटते ना?"

मी मान हलवली.

"अन् लगन दिवसाच लावते ना साहेब? रातचा नाई ना लावत?"

मी पुन्हा मान हलवली, या वेळी आडवी. तिने एक मोठा श्वास सोडला आणि पोचायच्या ठिकाणी पोचल्यासारखी उंबऱ्याजवळ फतकल मारून बसली. तिचं नाव भागरता. सोबतची म्हातारी ही तिची मावशी. दोघी सावली नावाच्या गावाकडच्या एका खेड्याहून आल्या होत्या. वैनगंगेच्या बाजूचा हा धानाचा मुलूख, गावागणिक तलाव. या लोकांचं पोट त्या तलावातल्या मासळीवर आणि दुसऱ्याच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, रोवणीवर.

चांद्याच्या कचेरीत मी कशी आले ते थोडक्यात सांगते. वडील जंगलखात्यात रेंजर. आलापल्लीच्या जंगलात शाळा कुठली, म्हणून त्यांनी मला लहानपणीच नागपूरला नन्सच्या बोर्डिंगात घातलं. तिथे मी इंग्रजी शिकले, टाइपिंग शिकले आणि हळू बोलायला शिकले. मुलीचा आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये, असा तिथला नियम होता. इतर नियम मी विसरले, हा अंगात मुरला. पुढे विवाहनोंदणीचा नवा कायदा आला. त्याच्या नोटिसा इंग्रजीत टाइप करायला कचेरीला माणूस हवं होतं, आणि वडिलांच्या ओळखीने ते माणूस मी झाले. कचेरीत मला मिसबाई म्हणत. मी गर्विष्ठ आहे असं पहिलं वर्षभर सगळ्यांचं मत होतं. खरं म्हणजे मला बोलायची भीती वाटे. पण गर्विष्ठ समजणं त्यांना सोपं होतं आणि मलाही सोयीचं होतं.

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तेवढं अवघड नाही. ज्यांना भटजी, काझी, पाद्री यांपैकी कोणी नको, किंवा ज्यांच्यासाठी यांपैकी कोणी उभा राहणार नाही, त्यांनी आमच्याकडे यायचं. नवरा-नवरीने नोटीस द्यायची. ती महिनाभर व्हरांड्यातल्या फळीवर लागते. तेवढ्यात कोणाला हरकत घ्यायची तर घ्यावी. पण हरकत कायद्यातली हवी. आईबापांना पसंत नाही, जात वेगळी आहे, मुलगी काळी आहे, यांना हरकत म्हणत नाहीत. महिना सरला की तीन साक्षीदार घेऊन साहेबांपुढे यायचं, सह्या किंवा अंगठे करायचे आणि एकमेकांकडे बघून एक वाक्य बोलायचं. तुला नवरा म्हणून घेते, तुला बायको म्हणून घेतो, एवढंच. कोणत्याही भाषेत चालतं. सिरोंच्याकडचं एक जोडपं तेलुगूत बोललं. ते नक्की तेच बोलले की भांडले, हे कळायला साहेबांनी स्टेशनवरून तेलुगू जाणणारा हमाल बोलावून आणला होता.

'लायसन' हा शब्द लोकांचा. आमच्या जिल्ह्यात बंदुकीला लायसन, मोहाच्या दारूला लायसन, तेव्हा लग्नालाही असणारच. एक गृहस्थ लग्न लावून गेले आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास परत आले. कपडे परीटघडीचे, चेहरा गंभीर. बंदुकीचं लायसन दरसाल नवं करावं लागतं, तसं याचंही करायचं का, असं त्यांनी विचारलं. नको, म्हणून सांगितल्यावर ते जरा हिरमुसलेच. बायकोला बाहेर सायकलीजवळ उभं करून आले होते. जाताना तिला म्हणाले, "नाई म्हंतेत. हे कायमचंच हाय." ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हसली मात्र.

साहेबांविषयी सांगायला हवं. निवृत्तीला आलेला, हुशार, थोडा मिस्कील आणि भांडणाला फार भिणारा माणूस. त्यांची एक शिस्त होती. एकदा पावसाळ्यात सिरोंच्याचा एक माणूस पुकारा होऊनही काम न होता परत गेला. नंतर नद्यांना पूर आले आणि तो पुन्हा उगवला तो दिवाळीनंतर. तेव्हापासून साहेबांनी ठरवलं, ज्याचा पुकारा झाला त्याचं काम त्याच बैठकीत पुरं करायचं, मग आभाळ कोसळो.

पुकारा म्हणजे लक्ष्मण चपराशाची ललकारी. तो व्हरांड्याच्या कडेला उभा राहून नावं पुकारी आणि ती पटांगणापलीकडच्या चहावाल्यापर्यंत जात. पूर्वी तो दिवाणी कोर्टात होता. तिथे फिर्याद करणारा मुद्दई आणि ज्याच्यावर फिर्याद तो मुद्दाले. आमच्याकडे आल्यावरही त्याने ही सवय सोडली नाही. लग्नाची जोडपीदेखील तो तशीच पुकारी. "मुद्दई अमुक, मुद्दाले तमुक, हाजीर हो!" दोघांतलं मुद्दई कोण, हे तोच ठरवी.

आता भागरताकडे वळते. तिचा नवरा तापाने गेला, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. वारलू नावाचा तिच्याच गावचा, तिच्याच जातीचा माणूस बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीत बांबू उतरवायच्या कामावर होता. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. दोघांचं मन जमलं, आणि गावाचाही तसा विरोध नव्हता. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट, तो चालतो. मग इथे कशाला आलात, असं मी विचारलं. म्हणजे 'पाट?' एवढाच शब्द उच्चारला.

भागरता म्हणाली, "माया बहिनीचा पाट मी पाह्यला, बाई. म्हंजे पाह्यला नाई. कोनीच पाहत नाई. आयकला."

मग तिने सांगितलं. पाट लागतो तो अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, घरामागे. वाजंत्री नाही, हळदीची गाणी नाहीत. दिवा टोपलीखाली. गावातल्या सवाष्णी दारं लावून घेतात, कारण त्या बाईचं तोंड त्या वेळी दृष्टीस पडलं तर आपलं कुंकू जातं, अशी समजूत. उजाडायच्या आत तिला मागच्या दाराने नव्या घरात घ्यायचं. तिला नवरी म्हणत नाहीत. पाटाची बायको म्हणतात, जन्मभर.

"मले पाट नाई पायजे," ती म्हणाली. "मले लगन पायजे. उजेडात. नाई त मी अशीच बरी."

वारलूला गिरणीत कोणी तरी सांगितलं की चांद्याच्या कचेरीत लग्न लागतात आणि कचेरी संध्याकाळी बंद होते. यातली दुसरी गोष्ट ऐकून ती आली होती.

पुढच्या आठवड्यात भागरतासोबत वारलू आला. उंच, ओठांवर येणारं हसू दाबत बोलणारा. नोटिशीसाठी मी ठरलेले प्रश्न विचारू लागले. वय, गाव, धंदा. मग, पत्नी हयात आहे का.

"हाय ना, बाई."

माझी बोटं थांबली. भागरता शांतपणे खिडकीबाहेर बघत होती. कोण, असं मी खुणेने विचारलं.

"रुई," वारलू म्हणाला.

तलावाच्या पाळीवर रुईचं झाड होतं. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असेल, तर आधी त्याचं रुईशी लग्न लावतात. म्हणजे पहिली बायको रुई, जे काय अशुभ असेल ते तिच्या डोक्यावर. पाट ठरणार असं समजून वारलूच्या आईने ते शनिवारी उरकून टाकलं होतं, हळद लावून, सूत गुंडाळून. सरकारी कागदावर खोटं कसं बोलायचं, म्हणून त्याने सांगितलं. बोर्डिंगात याविषयी काही शिकवलेलं नव्हतं. शेवटी मी 'अविवाहित' असं टाइप केलं आणि साहेबांना चिठ्ठी पाठवून कळवलं. साहेब खोलीत एकटेच मोठ्याने हसले.

पण महिना सरायच्या आत हरकत आलीच. ती घेतली डोमाजीने, भागरताच्या मेलेल्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने. तिकडे त्याला भासरा म्हणतात. पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर टॉवेल घेतलेला, थकलेला माणूस. साहेबांनी चौकशी लावली. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते.

"साहेब, याची बायको जित्ती हाय," डोमाजी म्हणाला. "तलावाच्या पाळीवर हाय. सगळ्या गावानं पाह्यली."

साहेबांनी चष्मा पुसला. "बरं. वधूचं वय काय?"

डोमाजी गोंधळला. "रुईचं? असंन दोन पावसायांची."

"कायद्याला अठरा वर्षांची वधू लागते, डोमाजीभाऊ. ही अल्पवयीन आहे. हे लग्न मी कसं मानू? आणि तिने होकार कोणत्या भाषेत दिला?"

व्हरांड्यातली माणसं हसली. डोमाजी हसला नाही. हरकत फेटाळली आहे, हे कळल्यावरही तो उठला नाही. टॉवेल खांद्यावरून काढून त्याने हातात घेतला आणि खाली बघत म्हणाला, "साहेब, माया पोरीचं लगन हाय या उन्हायात. हे दिवसा झालं, बायांच्या नजरंत आलं, अन् उद्या कुठी काही झालं, त लोक मायाच घराकडं बोट करन. तिनं करावा पाट. मी नाई म्हनत नाई. रातचा करावा."

मला तो दुष्ट वाटला नाही. आजही वाटत नाही. तो भ्यालेला होता. आणि साहेबांना रागावलेल्या माणसाला परतवता येई, भ्यालेल्याला नाही.

लग्नाचा दिवस आला. शेजारच्या कोर्टात तारखांचा दिवस असल्याने पटांगण भरून गेलं होतं. वकील, अर्जनवीस, स्टँपवाले, बायकापोरांसह आलेले खेड्यातले लोक. भागरता, वारलू, म्हातारी मावशी आणि वारलूचे गिरणीतले दोन सोबती बाहेर कडुलिंबाखाली बसले होते. भागरताने नवं लुगडं नेसलं होतं, झेंडूच्या रंगाचं. वरच्या फांद्या विरळ होत्या. सावलीत जागा असूनही ती उन्हाच्या कवडशात बसली होती, हे मी येतानाच पाहिलं.

डोमाजी सकाळीच साहेबांच्या खोलीत येऊन उभा राहिला होता. काही मागत नव्हता, नुसता उभा. साहेबांनी बराच वेळ कागद चाळले आणि मग त्यांना वाट सुचली. कायद्याने विवाह कचेरीबाहेरही लावता येतो. तेव्हा दिवेलागण झाली की दोन्ही पक्षांनी साहेबांच्या बंगल्यावर यावं, मागच्या फाटकाने. तिथे शांतपणे सह्या होतील. लग्नही होईल, गवगवाही नाही. डोमाजीने हात जोडले. साहेबांनी लक्ष्मणला बंगल्यावर पिटाळलं, घरी सांगून ये, दिवा-बत्ती करून ठेवा म्हणून. आणि मला म्हणाले, "मिसबाई, त्या मंडळींना बाहेर जाऊन कळवा. हळूच सांगा."

हळूच सांगणं हे तर माझंच काम. साहेबांचा यात काही वाईट हेतू नव्हता. उलट सगळ्यांचं भलं केल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दिवेलागण, मागचं फाटक, शांतपणे. टोपलीखालच्या दिव्याऐवजी बंगल्यातला कंदील. आपण पाट लावायला निघालो आहोत, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं आणि सांगणारी खोलीत मी एकटीच होते. मी तोंड उघडलं. "सर," म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. पुढचा शब्द आला नाही. त्यांनी मान खाली घातली.

मी बाहेर आले. व्हरांड्याच्या कडेला लक्ष्मण उभा राहतो ती जागा रिकामी होती. तिथे फरशी झिजून पायाचा खळगा पडला आहे. कडुलिंबाखालून भागरता माझ्याकडे बघत होती. तिने काही खूण केली नाही. ती फक्त उठून उभी राहिली, आपली पाळी आली असं समजून.

यापुढे जे झालं ते मी इथेच सांगून टाकते, कारण शेवटी मला त्यात भर घालायची नाही. लग्न त्याच बैठकीत लागलं, डोक्यावर ऊन असताना. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, "पुकारा झाला वाटतं," म्हणाले आणि टाक उचलला. दार उघडंच राहिलं. व्हरांड्यात माणसं दाटली, त्यांत कुंकू लावलेल्या बायकाही होत्या, आणि त्यांतल्या कोणी डोळे मिटले नाहीत. वारलूने आपलं वाक्य भराभर म्हटलं. भागरताने सावकाश म्हटलं, "मी भागरता, तुमाले माया कायद्याचा नवरा म्हनून घेतो," आणि सगळ्यांना ऐकू गेलं की नाही हे वळून बघितलं. मावशीने अंगठा उठवला आणि शाईचं बोट स्वतःच्याच लुगड्याला पुसलं. चहावाल्याने न सांगता चहा पाठवला. सगळे गेल्यावर साहेब म्हणाले, "मिसबाई, आवाज होता तर." नंतर कधी त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. लक्ष्मणने मात्र आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, त्याचं काम मी हिरावलं म्हणून.

डोमाजी लग्न चालू असताना पटांगणाकडे तोंड करून उभा होता. त्याच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे झालं, आणि आजतागायत कोणाचं काही वाकडं झालेलं नाही. त्या लग्नाचं भागरताला बोलावणं नव्हतं. ही गोष्ट मला अजून लागते. तिने मात्र ती सांगितली ती हसत हसत, कारण सासरी जाताना ती पोरगी बल्लारपूरला उतरून हिच्या घरी जेवून गेली होती. भागरता चांद्याला आली की सुकी मासळी घेऊन माझ्याकडे येते. ती नेहमी दुपारी येते आणि पुढच्या दाराने येते. दर खेपेला विचारते, "बाई, तुमचं लगन कई?" मी मान हलवते. उभी की आडवी, हे तिला अजून कळलेलं नाही.

तर मी लक्ष्मणच्या जागेवर उभी होते. हळूच सांगायला मला खाली उतरून झाडापर्यंत जायचं होतं. मी उतरले नाही. त्या झिजलेल्या खळग्यात पाय ठेवला. ज्याचा पुकारा झाला त्याचं काम त्याच बैठकीत, हे माझ्या डोक्यात आलं. नोकरी जाईल, हेही आलं. पहिल्यांदा घशातून नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा आवाज निघाला तो पायरीवर बसलेल्या अर्जनवीसाने ऐकला आणि त्याने मान वळवली. मला लक्ष्मणचे शब्द पाठ होते, मुद्दई आणि मुद्दाले. ते जिभेवर आलेही होते. मी ते गिळले. मग छाती भरून श्वास घेतला, चहावाल्याच्या छपरावर नजर लावली, आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी ओरडले:

"नवरी भागरता! नवरदेव वारलू! हाजीर हो!"